बलिष्ठ केंद्राला विरोध : कोणाचा आणि कशासाठी?

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर माझे गाव पोखर्णी आहे. नृसिंहाच्या देवळामुळे आणि वैशाखातल्या यात्रेमुळे ते पंचक्रोशीबाहेरही माहीत आहे. देवळाविषयी मला येथे काही लिहायचे नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर परभणीत काय घडले ते वाचकांना ठाऊक आहे. त्या दिवसांनंतर आमच्या वस्तीतील काही मुलांनी ठरवले, की ज्या ग्रंथासाठी आपण रस्त्यावर उतरलो तो निदान एकदा वाचून तरी काढू. रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात वाचन सुरू झाले. मी निवृत्त शिक्षक, म्हणून मला समजावून सांगायला बसवले.

आणीबाणीची कलमे आली त्या संध्याकाळी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, बाबासाहेबांनी दिल्लीच्या हातात एवढी ताकद कामून दिली? उद्या तीच ताकद आपल्यावर उलटली तर?" मी उत्तर देण्याआधीच भिंतीला टेकून बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "चावडीच्या हातात देण्यापरीस दिल्ली दूर हाय तेच बरं हाय, लेकरा." सगळे हसले. मीही त्या वृद्धांच्या बाजूने चार वाक्ये बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र जाणवले, की मुलाचा प्रश्न खरा होता आणि माझे उत्तर अपुरे होते. बलिष्ठ केंद्राला विरोध करणारे जे कोणी इतिहासात होऊन गेले, त्या सर्वांना आपण एकाच गाठोड्यात बांधून टाकले आहे. ते गाठोडे सोडून पाहावे, यासाठी हा लेख.

हा वाद आपल्या संविधानसभेत प्रथम झाला असे नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची नवी राज्यघटना तयार झाली आणि ती तेरा राज्यांपुढे मान्यतेसाठी गेली, तेव्हा तिच्या विरोधात मोठी फळी उभी राहिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एवढ्या विस्तीर्ण प्रदेशावर एकच प्रजासत्ताक टिकणार नाही, दूरच्या सरकारला लोकांची ओळख राहणार नाही, कर बसवण्याचा अधिकार, खडे सैन्य आणि वरिष्ठ न्यायालय हाती आले की केंद्र हळूहळू राज्यांना गिळून टाकील, आणि नागरिकाच्या हक्कांची सनद या घटनेत नाहीच. यातला शेवटचा मुद्दा इतका सबळ होता की घटनेच्या समर्थकांना नमते घ्यावे लागले. १७९१ मध्ये हक्कांच्या दहा दुरुस्त्या घटनेला जोडल्या गेल्या. आज अमेरिकन माणूस भाषणस्वातंत्र्याचा अभिमान सांगतो, त्याचे श्रेय घटनाकारांइतकेच घटनेच्या विरोधकांनाही आहे.

पण याच फळीतले व्हर्जिनियाचे पुढारी पॅट्रिक हेन्री जून १७८८ मध्ये आपल्या राज्याच्या परिषदेत आणखी एक भीती बोलून दाखवत होते. हे केंद्र उद्या आपल्या गुलामांना मुक्त करील, ही ती भीती. स्वातंत्र्याच्या नावाने गर्जना करणाऱ्या माणसाच्या तोंडी हा युक्तिवाद आहे! केंद्र दूर असावे, दुबळे असावे, कारण ते सबळ झाले तर माझ्या मळ्यावरचा गुलाम माझा राहणार नाही. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे 'राज्यांचे हक्क' हा शब्द अमेरिकेच्या दक्षिणेत याच अर्थाने वापरला गेला. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ काळ्या मुलामुलींना शाळेत जाऊ न देण्यासाठी राज्याच्या गव्हर्नरने पहारा बसवला, तेव्हा त्यांना वर्गापर्यंत नेण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना केंद्राची फौज पाठवावी लागली. तेव्हा केंद्राला विरोध करणाऱ्या एकाच फळीत एक जण नागरिकाचे हक्क मागत होता आणि दुसरा गुलामावरचा हक्क राखत होता. कित्येकदा हे दोघे एकाच देहात होते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपल्याकडे येऊ.

१६ मे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढीच खाती होती. उरलेले सर्व प्रांतांकडे. १३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावातही घटकांना स्वायत्तता आणि शेषाधिकार देण्याची भाषा होती. चारच दिवसांनी, १७ डिसेंबरला, बाबासाहेब बोलायला उभे राहिले. ते तेव्हा बंगालमधून निवडून आले होते, काँग्रेसच्या विरोधात. त्या सभागृहात त्यांनी स्पष्ट सांगितले, की मला १९३५ च्या कायद्यातल्यापेक्षाही सबळ केंद्र हवे आहे. म्हणजे फाळणी निश्चित होण्यापूर्वीच त्यांची ही भूमिका होती. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाल्यावर काँग्रेसचे नेतृत्वही सबळ केंद्राकडे वळले आणि शेषाधिकार केंद्राकडे गेले. फाळणीच्या भीतीने सबळ केंद्र आले, असे पाठ्यपुस्तकात शिकवतात. काँग्रेसपुरते ते खरे असेल. बाबासाहेबांचे कारण निराळे होते आणि ते जुने होते.

त्यासाठी १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात जावे लागते. ग्रामपंचायतींना अधिकार देणारे, काही न्यायदानाचे अधिकारही देणारे विधेयक तेथे आले होते. सत्ता लोकांच्या दारात नेणाऱ्या विधेयकाला विरोध करील असा माणूस दुर्मिळच. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. जातीजातींत विभागलेल्या गावात, जेथे एक वर्ग दुसऱ्याला माणूस मानत नाही, तेथे निवाडा गावाच्या हाती देणे म्हणजे न्याय नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. आणि अस्पृश्यांना पंचायतीत हमखास जागा मिळाल्याशिवाय हे विधेयक आपण मान्य करणार नाही, असे त्यांनी बजावले. येथे लक्षात घेतले पाहिजे की त्यांनी विकेंद्रीकरणाला तत्त्व म्हणून नकार दिला नव्हता. खाली जाणारी सत्ता नेमकी कोणाच्या ओंजळीत पडणार, एवढेच ते विचारत होते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी खेड्याविषयी जे उद्गार काढले ते प्रसिद्धच आहेत. खेड्याला त्यांनी अज्ञानाचे, कोतेपणाचे आणि जातीयतेचे आगर म्हटले. राजवटी आल्या, राजवटी गेल्या, खेडी मात्र टिकली, असे एका इंग्रज अधिकाऱ्याने कौतुकाने लिहून ठेवले होते आणि आपल्या राष्ट्रवादी विद्वानांना ते फार आवडले होते. नुसते टिकण्याला काय किंमत आहे, असा बाबासाहेबांचा सवाल होता. सभागृहात यावर मोठी नाराजी उमटली. गांधीवादी सदस्यांना ग्रामस्वराज्याचा पाया हवा होता. शिखरापासून पायाकडे नव्हे, पायापासून शिखराकडे सत्ता जावी, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्याच दिवशी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी ही शहरी उच्चभ्रू माणसाची दृष्टी आहे, अशी टीका केली. टीका करणारे कामत आय.सी.एस. सोडून आलेले होते. आणि ज्याला त्यांनी शहरी म्हटले, त्याला १९३४ मध्ये आमच्याच निजामी मुलुखात, दौलताबादच्या किल्ल्यावर, हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून अडवण्यात आले होते. गाव कोणी अधिक जवळून पाहिले होते, हे वाचकांनीच ठरवावे.

गावाच्या या गौरवाला माझ्या आजाकडे उत्तर तयार होते. तो निजामाच्या राज्यात जन्मला आणि तरुणपण त्याने वेठीत घालवले. आजोळच्या गावाची गोष्ट तो सांगे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेथे अधिकाऱ्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोहोचवणे, सांगावा नेणे, मेलेले ढोर ओढणे ही सगळी कामे वाड्यातला कोणी केव्हा करायची, हे चावडीवर ठरे. त्यावर दाद मागायची तर ती कोणाकडे? पाटलाविरुद्ध तक्रार पटवाऱ्याकडे, पटवाऱ्याविरुद्ध पाटलाकडे. "गावाचं राज गावातच व्हतं बाबा," तो म्हणे, "आन् त्येच्यातच आमचा जीव गेला." ग्रामप्रजासत्ताक म्हणजे काय, हे त्याला कोणत्याही गांधीवाद्याने समजावून सांगण्याची गरज नव्हती.

संस्थानिकांचा विरोध हा आणखी एक प्रकार, आणि तो आमच्या उंबऱ्यावरचा. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. निजामाला कोणतेच केंद्र नको होते. त्याला स्वतंत्र राहायचे होते. आपल्यातील काही पुढाऱ्यांनी त्याची साथ केली. बी. एस. वेंकटराव त्याच्या मंत्रिमंडळात होते आणि श्यामसुंदर हे १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळात होते. त्यांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. हिंदू बहुमताच्या केंद्रात आपले काय होईल, ही त्यांची भीती अगदी निराधार नव्हती. पण बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच जाहीर पत्रक काढून संस्थानातील अस्पृश्यांना सांगितले होते, की निजामाची बाजू घेऊ नका. त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. जे स्वातंत्र्य निजाम मागत होता ते निजामाचे होते, वेठ करणाऱ्याचे नव्हते.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने केंद्र आमच्या दारात आले, ते लष्करी वाहनातून आले. त्याने निजामी राजवट संपवली, ही मुक्तीच होती. परंतु त्याच दिवसांत मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे सांगितले. समिती केंद्रानेच नेमली होती आणि तिचा अहवाल केंद्रानेच कित्येक दशके बाहेर येऊ दिला नाही. मुलाचा प्रश्न मला येथे पुन्हा आठवतो. दूरचे केंद्र चावडीच्या जाचातून सोडवते. आणि तेच केंद्र हवे तेव्हा कपाट बंद करून किल्ली खिशात टाकते.

या संदर्भात आणखी एक गोष्ट आमच्या वाचनात निघाली आणि मुले चकित झाली. संविधानसभेत हैदराबाद संस्थानाचा एकही सदस्य नव्हता. पोखर्णीचा, परभणीचा, औरंगाबादचा आवाज त्या सभागृहात कधी उमटलाच नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाच्या फर्मानाने हे संविधान हैदराबादला लागू झाले. लोकशाहीचा ग्रंथ आमच्याकडे राजाच्या फर्मानाने आला! शिवाय मूळ कलम ३७१ प्रमाणे हैदराबादसारखी राज्ये दहा वर्षे राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली राहायची होती. १९५६ च्या पुनर्रचनेत ते कलम गेले. १९५२ च्या निवडणुकीपर्यंत आमचा मुख्यमंत्री वेल्लोडी हे केंद्राने नेमलेले सनदी अधिकारी होते.

हे वाचताना मला दाक्षायणी वेलायुधन यांची आठवण झाली. आपल्या नियतकालिकांतून त्यांच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. कोचीनच्या पुलया समाजातील ही बाई मद्रासमधून निवडून आली होती आणि संविधानसभेतील ती एकमेव दलित स्त्री होती. ८ नोव्हेंबर १९४८ रोजी, बाबासाहेबांच्या मसुद्यावर बोलताना, तिने अधिक विकेंद्रीकरणाची मागणी केली आणि हे संविधान सार्वत्रिक निवडणुकीनंतर लोकांच्या संमतीने पक्के व्हावे, असे सुचवले. म्हणजे बलिष्ठ केंद्राला झालेला विरोध सर्वच्या सर्व सवर्णांचा, संस्थानिकांचा किंवा पाटलांचा होता, असे म्हणता येत नाही. पुलयाच्या लेकीलाही प्रश्न पडला होता. ती गांधीविचारांच्या जवळची होती, म्हणून तिचे म्हणणे बाजूला सारावे असे कोणी म्हणेल. मी म्हणत नाही. फर्मानाने संविधान मिळालेल्या गावचा मी माणूस आहे; लोकांची संमती घ्या, असे कोणी म्हटले होते हे कळल्यावर मला बरे वाटले.

मात्र विकेंद्रीकरण म्हणजे नेमके कोणाकडे, याचे उत्तर तिच्या मागणीत मला मिळत नाही. बाबासाहेबांनी ते संविधानातच एका कमी वाचल्या जाणाऱ्या कलमात दिले आहे. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, हे आपल्या मुलांना पाठ असते. पण अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा कोणी करायचा? कलम ३५ सांगते : तो अधिकार संसदेचाच; राज्याच्या विधिमंडळाचा नाही. एखाद्या प्रांतातील बहुसंख्य जातीने ठरवले म्हणून ही शिक्षा सौम्य होऊ नये, असे कुलूप त्यांनी लावून ठेवले. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही संसदेने केले, ते उगीच नव्हे. राज्य म्हटले की तेथे एक मोठी जात आणि तिच्या हाती सर्व काही, ही त्यांची चिंता पुढेही कायम होती. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना त्यांनी संविधान जाळायला आपण पहिले पुढे होऊ, असे उद्वेगाने म्हटले. विरोधक ते वाक्य आजही तोडून वापरतात. पण त्या चर्चेत ते अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालाला अधिकार मागत होते, हे कोणी सांगत नाही. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यांनी मराठी मुलुखाची चार राज्ये सुचवली, त्यांत आमचा मराठवाडाही होता. तेथेही गावातील एका मोठ्या जातीच्या वर्चस्वाचेच भय होते.

हे भय किती खरे होते ते आम्ही १९७८ मध्ये पाहिले. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळू लागल्या. ठराव करणारे राज्य गावापुढे नमले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. आता प्रामाणिकपणे हेही लिहिले पाहिजे, की दिल्लीतले बलिष्ठ केंद्रही त्या जळत्या वस्त्यांपर्यंत पोहोचले नाही. अधिकार कागदावर असणे आणि तो आपल्यासाठी वापरला जाणे यात फार अंतर आहे.

आता कामतांकडे परत वळतो, कारण त्यांच्यावर वर मी टीका केली आणि ती अर्धीच गोष्ट आहे. खेड्याबाबत कामत चुकले. आणीबाणीबाबत ते चुकले नाहीत. ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीची कलमे सभागृहापुढे आली तेव्हा या गृहस्थांनी एकाकी झुंज दिली. जर्मनीच्या वायमार घटनेतील अशाच अधिकारांच्या वाटेने हिटलर आला, याची त्यांनी आठवण करून दिली. मूलभूत हक्क न्यायालयात मागण्याचा अधिकारच स्थगित करणारे कलम संमत झाले, त्या दिवसाला त्यांनी लाजिरवाणा दिवस म्हटले. त्यांचे ऐकले गेले नाही. २५ जून १९७५ ला ते अधिकार वापरले गेले. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला दाद मागता येणार नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ही चूक काही अंशी सुधारली : जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही स्थगित होत नाही, आणि 'अंतर्गत अशांतता' हे सैल कारण जाऊन तेथे 'सशस्त्र बंड' आले. ही दुरुस्ती वाचताना कामतांचे भाषणच वाचत आहोत असे वाटते, एकोणतीस वर्षे उशिरा.

कलम ३५६ चेही तसेच. राज्य सरकार बरखास्त करण्याचा हा अधिकार कधी वापरावाच लागू नये, ते कलम मृतवत राहावे, अशी आशा बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४९ मध्ये व्यक्त केली होती. ते शंभराहून अधिक वेळा वापरले गेले. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारने नऊ राज्यांतली सरकारे घालवली, १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने पुन्हा नऊ. त्यांत फेब्रुवारी १९८० मध्ये महाराष्ट्रही होता. ११ मार्च १९९४ च्या बोम्मई निकालाने त्याला आवर बसला. बाबासाहेबांची आशा खोटी ठरली, असे लिहिताना माझा हात अडखळतो. पण ती खोटी ठरली. त्यांनी ज्यांच्या हाती अधिकार दिला त्यांच्या सद्बुद्धीवर त्यांना फारसा विश्वास नव्हता, हे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण वाचणाऱ्याला कळते. तरीही गाव आणि दिल्ली यांत निवड करायची तर त्यांनी दिल्ली निवडली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

१९३२ ची मागणी मान्य व्हायला साठ वर्षे लागली. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून प्रत्येक ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आल्या, स्त्रियांना किमान एकतृतीयांश. आज समाजमंदिरात बसणाऱ्या बायांपैकी काहींनी त्या खुर्चीवर बसून सही केली आहे. गावाला लोकशाही शिकवण्याचे काम शेवटी दिल्लीत झालेल्या घटनादुरुस्तीने केले. ग्रामस्वराज्यवाल्यांनी यावर विचार करावा. आम्हीही करावा, कारण त्याच दुरुस्तीमुळे सत्ता पुन्हा त्या चावडीच्या जागेवर आली आहे, फक्त आता तेथे आमचीही खुर्ची आहे.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी तो त्या मुलाला वाचायला दिला. कामतांच्या परिच्छेदाखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली. "गुरुजी," तो म्हणाला, "ह्या माणसाचं भाषण आपल्याकडं एकदा बी वाचलं नाही ना कुणी?" मी नाही म्हणालो. पुढच्या रविवारसाठी त्याने ते भाषण मिळवून ठेवले आहे, आणि भिंतीला टेकून बसणाऱ्या त्या वृद्धांनी विचारले आहे, की ते खेड्याविषयी काय बोलले तेही आधी वाचणार का.